लॅबची वही कशी ठेवावी, आणि तिच्यातून रेझ्युमे कसा काढावा

इंदूरला रामबागेत आमच्या घरी बायोइंजिनिअरिंगची मुलं येतात, बहुतेक शेवटच्या वर्षाची. प्रश्न ठरलेला असतो: “ताई, रेझ्युमेत काय लिहू?” मी आधी लॅबची वही मागते. पीथमपूरला वैद्यकीय उपकरणांच्या एका कंपनीत मी क्वालिटीचं काम बघते, फ्रेशर्सच्या मुलाखतींनाही बसते. मार्क बघतोच, पण खरं शोधतो ते हे, की या मुलाच्या नोंदी वाचून दुसऱ्या कुणाला तेच काम पुन्हा करता येईल का.

वही शिवलेली घ्या, पानांवर नंबर घाला. कच्च्या कागदावर लिहून रात्री ‘फेअर’ करायची सवय शाळेच्या प्रॅक्टिकल फाइलमुळे लागते, ती मोडाच. नोंद काम चालू असतानाच करायची, पेनने, तारीख घालून. काही चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर अजिबात नको. औषध कंपन्यांत हेच नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आता लिहायचं काय? “पेशी पॅसेज केल्या” (म्हणजे वाढलेल्या पेशी सोडवून नव्या भांड्यात घातल्या) एवढ्याने काही कळत नाही. सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचा प्रकार) कोणती, पॅसेज नंबर किती, मीडियाचा (पेशींच्या पोषक द्रावणाचा) आणि त्यात घालायच्या सीरमचा लॉट नंबर, ट्रिप्सिन (भांड्याला चिकटलेल्या पेशी सोडवणारं एन्झाइम) किती मिनिटं ठेवलं, त्याआधी पीबीएसने (धुण्याच्या खारट बफरने) धुतलं का. (सीरम मागे राहिलं तर ट्रिप्सिनचा जोर जातो, पेशी सुटत नाहीत आणि मुलं ट्रिप्सिनच्या बाटलीला दोष देतात.) मोजणीचे कच्चे आकडेही लिहा. समजा, हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांत ४८, ५३, ४५ आणि ५४ पेशी दिसल्या. सरासरी ५०. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) निम्मानिम्म मिसळला म्हणून गुणिले २, मग गुणिले १०,०००, कारण एका कोपऱ्यात मिलिलिटरचा दहा हजारावा भाग मावतो. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० लाख. निळ्या, म्हणजे मेलेल्या पेशी वेगळ्या मोजायच्या. नुसतं “१० लाख” लिहिलेलं मला तपासता येत नाही. चार आकडे असले, आणि एका कोपऱ्यात ९० तर दुसऱ्यात २० दिसले, की पेशी नीट सुट्या झाल्या नव्हत्या हे लगेच लक्षात येतं.

दुसरी गोष्ट मी मुलाखतीत विचारतेच: तुमचा ‘एन इज इक्वल टू थ्री’, म्हणजे प्रयोग तीनदा केला, याचा अर्थ नक्की काय? एका प्लेटमधले तीन वेल (छोटे खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांवरून फक्त तुमचा हात पिपेटवर किती स्थिर आहे ते कळतं. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर, नव्याने बनवलेल्या द्रावणाने केलं तरच तो वेगळा प्रयोग. एमटीटी (या नावाच्या रंगद्रव्याने जिवंत पेशी मोजायची चाचणी) करत असाल तर पेशी नसलेले, फक्त नमुना घातलेले वेलही ठेवा. काही पदार्थ स्वतःच ५७० नॅनोमीटरला प्रकाश शोषतात किंवा एमटीटीशी थेट अभिक्रिया करतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात.

वही अशी असली की रेझ्युमे तासाभरात होतो. “सेल कल्चर, एमटीटी, एलायझा, पायथन” ही यादी सगळ्यांकडे असते. त्याऐवजी लिहा: “कायटोसानच्या पडद्याचा अर्क, एल९२९ पेशी, २४ तास, आयएसओ १०९९३-५ नुसार, तीन स्वतंत्र प्रयोग, जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या वर.” (एल९२९ ही उंदराच्या पेशींची सेल लाइन, आणि आयएसओ १०९९३-५ हे उपकरणाचा पदार्थ पेशींना मारतो का ते तपासायचं मानक.) हे जसं झालं असेल तसंच लिहा. पेशी सीनियरने वाढवल्या असतील तर तेही सांगा. विचारलं की कळतंच.

कंपनीत जायचं असेल तर आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक) काय मागतं ते समजून घ्या आणि भारताचे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम वाचा. त्यात जोखमीप्रमाणे ए ते डी असे वर्ग आहेत. हृदयाची कृत्रिम झडप डी मध्ये येते. कॉलेजात हे क्वचितच कुणी शिकवतं, म्हणून वाचलेला मुलगा उठून दिसतो. पुढे शिकायचं असेल तर गेटमध्ये (एम.टेकच्या प्रवेश परीक्षेत) बायोमेडिकलचा वेगळा पेपर २०२० पासून आहे.

उन्हाळ्यात सिमरोलला, आयआयटी इंदूरमध्ये काम करायचं असेल तर तिथल्या बायोसायन्सेस आणि बायोमेडिकल विभागातल्या प्राध्यापकांची कामं बघा. एकच निवडा, त्यांचा एक पेपर पूर्ण वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा. मेल दहा ओळींचा पुरे. सोबत वहीची दोन पानं स्कॅन करून जोडा; मात्र आधी गाईडना विचारा, कारण तो डेटा लॅबचा असतो.