शाळेतल्या छळावर कुमार कादंबरी लिहायचीय? आधी मारामारीचा सीन काढून टाका

मागच्या सुट्टीत मी एक लिहून बघितली, इंदूरचा तेरा वर्षांचा मुलगा, घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि पहिल्याच पानावर चार पोरं त्याला शाळेमागे धोपटतात. भाचीला वाचायला दिली तर म्हणे, मावशी हे पिक्चरसारखं वाटतं, आमच्याकडे मारत नाहीत गं, हसतात. तेव्हापासून जे कळलं ते सांगते.

आधी हसतात कशावर ते पक्कं करा. आपल्याकडे चहा तो, हिंदीत चाय ती. पोरगं वर्गात चुकून 'चाय ठंडा हो गया' बोलून जातं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नावच 'ठंडा' पडतं. बस, एवढं पुरे. मग ते नाव कुठे कुठे पोचतं ते लिहीत जा, हजेरी चालू असताना मागच्या बाकावरून, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि एक दिवस छप्पन दुकानला (इंदूरची खाऊगल्ली) आईसोबत पाणीपुरी खाताना कुणीतरी 'क्यों भिया ठंडे' करून जातं आणि आई विचारते, ठंडा कोण रे? तो म्हणतो, माहीत नाही. हा सीन मला धोपटण्यापेक्षा जास्त लागला, इथे त्याला आईशी खोटं बोलायला लागतंय ना.

त्याला काय वाटतं ते लिहू नका, काय करतो ते लिहा. राजवाड्यावरून सरळ यायचं सोडून गल्ल्यांतून येतो, डबा जिन्यात खातो, रविवारी संध्याकाळी पोट दुखतं (खरंच दुखतं हां, टेन्शनने दुखतं मुलांचं, नाटक नसतं ते).

घरचा भाग अवघड. दारुडा बाप व्हिलन करणं फारच सोपं, म्हणून नको. इंदूरमध्ये कारण हाताशी आहे, हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडलं. आता असं घर डोळ्यासमोर आणा, आजोबा बत्तीस वर्षं 'येतील पैसे' म्हणतायत, बाप ते ऐकत मोठा झालाय आणि आता ऐकवत नाही म्हणून रात्री बाहेरच असतो, आणि त्या घरात पोरगं शाळेतलं सांगणार कुणाला? फक्त गोष्ट 2023 च्या आधीची की नंतरची ते सुरुवातीलाच ठरवा, मी नाही ठरवलं आणि मधेच आजोबांचा सगळा स्वभाव बदलावा लागला.

शेवटाला रंगपंचमीची गेर (इंदूरची रंग उधळत जाणारी मिरवणूक) आणायचा मोह होईल, मलाही झाला, सगळे रंगलेले, कोण कोण ओळखू येत नाही, घे सूड. नका घेऊ देऊ. त्यापेक्षा रोज हसणाऱ्यांतला एक जण एकदा हसत नाही आणि डबा घेऊन जिन्यात येऊन बसतो, एवढंच दाखवा. सरांनी भाषण दिलं आणि वर्ग सुधारला, हे तर अजिबातच नको. मोठ्यांची मदत आणायचीच तर 1098 आणा, मुलांची हेल्पलाइन, फुकट लागते. पण पहिल्यांदा तो नंबर फिरवून कट करेल, ते लिहा.

झाली की तेरा-चौदा वर्षांच्या कुणाला तरी द्या आणि आवडली का विचारू नका, कुठे कंटाळून मोबाईल हातात घेतलास ती पानं दाखव म्हणा. भाचीने एकवीस दाखवली. एकोणीस उपदेशाची निघाली.