बोगनवेलीचा बोन्साय: तापमान आणि हवेतला ओलावा कसा सांभाळावा

थंड हवेतल्या झाडांसाठी लिहिलेले सल्ले वाचून अनेक जण बोगनवेलीच्या बोन्सायवर रोज फवारा मारतात, खाली खडी-पाण्याचा ट्रे ठेवतात. पानं भरघोस येतात, फुलं मात्र येत नाहीत. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची, कडक ऊन आणि कोरडा हंगाम काढून मग फुलणारी. दमट हवेची तिला फारशी गरज नाही. खरं जपायचं ते उथळ कुंडीतल्या मातीचं तापमान.

आधी मोजा

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मापक झाडाच्या उंचीवर, सावलीत टांगा. आठवडाभर सकाळी ७ आणि दुपारी ३ वाजता आकडे लिहून ठेवा. दिवसा २५ ते ३२ अंश, रात्री १५ ते २० अंश आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर झाड खूश असतं. याशिवाय दांडीचा थर्मामीटर कुंडीच्या कडेजवळ दोन-तीन सेंटिमीटर खोल खुपसून दुपारचं मातीचं तापमान बघा. या एका आकड्यावरून उन्हाळ्यातले निम्मे प्रश्न सुटतात.

उन्हाळा: मुळं भाजू देऊ नका

हवा ४० अंशांवर गेली तरी जमिनीतली बोगनवेल टिकते, कारण तिची मुळं खोल गारव्यात असतात. बोन्सायच्या कुंडीत माती जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. तापलेल्या स्लॅबवर ठेवलेली गडद रंगाची कुंडी चारही बाजूंनी तापते आणि माती ४० अंशांपुढे गेली की बारीक मुळं मरू लागतात. मग माती ओली असूनही पानं माना टाकतात. इथे लोक आणखी पाणी घालतात आणि उरलेली मुळंही कुजतात.

कुंडी दोन विटांवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, खालून वारा खेळला पाहिजे. कुंडीला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, खोडाला नको. दुपारी १२ ते ४ एवढ्याच वेळेपुरती ३५ ते ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. दिवसभर जाळीखाली ठेवलं तर फांद्या लांबट होतात. पाणी सकाळी ८ च्या आत द्या, गरज पडली तर सूर्यास्तानंतर पुन्हा. गच्चीवरच्या नळीत साठलेलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते आधी बादलीत सोडा, हात घालून बघा, गार लागलं तरच झाडाला द्या.

विदर्भात मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. अशा वेळी कुंड्या जवळजवळ ठेवा आणि भोवतालची फरशी ओली करा. रंगीत पाकळ्यांवर फवारा नको, डाग पडतात. (त्या खरं तर पाकळ्या नव्हेत, रंगीत पानं आहेत. खरं फूल म्हणजे मधली पांढरट नळी.)

पावसाळा: ओलावा बाहेर काढा

मुंबई-कोकणात जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर राहते. ती कमी करणं आपल्या हातात नाही, मात्र माती आणि पानं कोरडी होतील एवढं करता येतं. झाड पारदर्शक पत्र्याखाली घ्या, कुंड्यांमध्ये फूटभर अंतर सोडा, खालच्या बशा काढून टाका. कुंडीच्या एका बाजूखाली फरशीचा तुकडा सरकवून तिला किंचित कलतं ठेवा. पाणी पटकन उतरतं.

कुंडीतल्या मातीच्या मिश्रणात ३ ते ५ मिलिमीटरचे विटांचे तुकडे निम्मे, पाव भाग जाड वाळू आणि पाव भाग चाळलेलं गांडूळखत असू द्या. विटांची भुकटी चाळून फेकायची, तिच्याने भोकं बुजतात. पानांवर तपकिरी ठिपके दिसले तर ती पानं खुडा आणि मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात उघडीप बघून फवारा.

ऑक्टोबरनंतर: फुलांची तयारी

फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून सप्टेंबरअखेर छाटणी करा. पुढे दिवस लहान होतात, रात्री गार होतात आणि हवा कोरडी पडते. हे तिन्ही जुळून आलं की कळ्या धरतात. आता पाण्याचा ताण द्या. पानं मऊ पडून लोंबली की पाणी, तेही नेहमीच्या निम्मं. असं दोन-तीन आठवडे. पान हातात कुरकुरीत लागलं तर ताण जास्त झाला. उथळ कुंडीत ही वेळ दीड-दोन दिवसांत येते, म्हणून रोज बघावंच लागतं. शेंड्यांवर बारीक कळ्या दिसताच ताण थांबवा, नाहीतर त्या गळतात. नंतर ०:५२:३४ (नत्र नाही, स्फुरद ५२ आणि पालाश ३४ टक्के) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ झाड ठेवू नका. त्याला लहान दिवसाची खूण मिळत नाही.

रात्रीचं तापमान १० अंशांखाली गेलं की पानगळ होते. नाशिक-निफाडकडे हे दरवर्षीचंच. कुंडी रात्री भिंतीच्या आडोशाला घ्या आणि पाणी कमी करा. फांदी मेली असं वाटलं तर नखाने साल खरवडा; आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे.

एकच अपवाद

कुंडी बदलल्यावर मात्र बोगनवेलीला ७० ते ८० टक्के आर्द्रता हवी असते. तिची मुळं नाजूक असतात, जरा ओढली तरी तुटतात आणि पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. फेब्रुवारीअखेर, रात्री १५ अंशांवर गेल्यावर हे काम करा. मुळं विंचरू, म्हणजे ओढून मोकळी करू नका. झाड पारदर्शक पिशवीने झाकून दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. उन्हात पिशवी ठेवली तर आत झाड उकडून निघतं. फुटवे बोटभर झाले की पिशवीला रोज एकेक भोक पाडत जा आणि आठवड्याने ती काढा. पहिले काही दिवस फक्त सकाळचं ऊन द्या.