चर्चमध्ये लग्न करताय? हॉल बुक करण्याआधी या चुका टाळा

चर्चमधल्या लग्नाची तयारी बहुतेक घरांत उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी हॉल ठरतो, मग फोटोग्राफर, मग पत्रिकेचा मजकूर. शेवटी कुणाला तरी आठवतं, ‘अरे, फादरना विचारलं का?’ तिथून धावपळ सुरू होते आणि बोल चर्चच्या ऑफिसला लागतो.

त्या ऑफिसला दोनच गोष्टींची खात्री हवी असते: ही दोघं लग्नाला मोकळी आहेत का, आणि स्वखुशीने उभी राहताहेत का. मागितला जाणारा जवळजवळ प्रत्येक कागद यांपैकी एका प्रश्नाचं उत्तर असतो. हे ध्यानात ठेवलं की निम्मी चिडचिड कमी होते. खालचे नियम मुख्यतः कॅथलिक चर्चचे आहेत. इतर पंथांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

जुना दाखला चालेल, असं समजणं

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. आईने कपाटात जपून ठेवलेला बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन जायचं आणि ‘नवीन आणा’ ऐकून परत यायचं. बाप्तिस्मा काही दोनदा होत नाही, मग नवीन कशाला? कारण कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही तिथेच थांबत नाही. त्या माणसाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा विधी), लग्न, धर्मगुरूपदाची दीक्षा हे सगळं पुढे त्याच नोंदीत टिपलं जातं. तुमचा जुना दाखला तान्ह्या बाळाबद्दल सांगतो. फादरना आजच्या माणसाची नोंद बघायची असते. म्हणून साधारणपणे गेल्या सहा महिन्यांत काढलेली प्रत मागतात, आणि ती बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून मिळते. ते चर्च दुसऱ्या देशात असेल तर पत्रव्यवहारात आठवडे जातात, तेव्हा पहिला अर्ज हाच करा. नोंदवही हरवली असेल तर घाबरू नका, बाप्तिस्म्याला हजर असलेल्या विश्वासू साक्षीदाराच्या जबानीवरही काम होऊ शकतं.

दृढीकरण राहिलं असेल तर लपवू नका. फार अडचण नसेल तर ते लग्नाआधी उरकावं एवढंच चर्च म्हणतं.

‘कोर्टातून घटस्फोट झालाय’

आधीचं लग्न मोडलेलं असेल तर ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगा, पत्रिका छापल्यावर नाही. कोर्टाचा घटस्फोट कॅथलिक चर्चच्या लेखी पुरेसा नाही. ते लग्न मुळातच वैध नव्हतं, असा निवाडा चर्चच्या न्यायालयाने द्यावा लागतो. पूर्वी असे दोन निकाल एकमेकांशी जुळावे लागत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ही अट काढली, तरी काम महिन्यांचंच आहे. पहिलं लग्न फक्त रजिस्टर केलेलं, चर्चमध्ये झालेलंच नव्हतं, तरीही त्याची कागदपत्रं लागतात. विधवा किंवा विधुर असाल तर जोडीदाराचा मृत्यूदाखला. ऑर्थोडॉक्स चर्च दुसऱ्या, क्वचित तिसऱ्या लग्नाला परवानगी देतं. प्रॉटेस्टंट पाळकांमध्ये मात्र एकाचा नियम दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर ‘आता धर्म बदलावा लागणार’ असं घरातल्या घरात ठरवून मोकळं होणारे पुष्कळ. कॅथलिक चर्च तशी अट घालत नाही. जोडीदार दुसऱ्या पंथाचा, पण बाप्तिस्मा झालेला असेल तर परवानगी लागते. बाप्तिस्माच झालेला नसेल तर खास सूट लागते, आणि ती नसेल तर लग्न अवैध ठरतं. दोन्ही गोष्टी बिशपांच्या कार्यालयातून येतात. कॅथलिक जोडीदाराला आपली श्रद्धा टिकवण्याचं आणि मुलांना त्याच श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचं वचन द्यावं लागतं, आणि दुसऱ्याला या वचनाची कल्पना द्यावी लागते. हे बोलणं तुमच्या दोघांत आधी झालेलं बरं, फादरसमोर पहिल्यांदा नको. ऑर्थोडॉक्स चर्च याबाबत जास्त कडक आहे, तिथे सहसा दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो.

सख्ख्या मामे-आते, चुलत किंवा मावस भावंडांत ठरत असेल तर तेही आधीच सांगा. तिथेही बिशपांची सूट लागते.

नात्यातले फादर आणि बागेतलं लग्न

काका धर्मगुरू आहेत, लग्न त्यांनीच लावावं, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण पाहुण्या धर्मगुरूला त्या चर्चच्या प्रमुख फादरांकडून किंवा बिशपांकडून अधिकार मिळालेला असावा लागतो. ही निव्वळ औपचारिकता नाही. अधिकार नसेल तर लग्नाच्या वैधतेवरच प्रश्नचिन्ह येतं, आणि हे कुणाच्या लक्षात यायला कधी कधी वर्षं लागतात. अधिकारपत्र लेखी घ्या. समुद्रकिनारा किंवा बाग हवी असेल तर बिशपांना विचारावं लागेल, आणि होकार मिळेलच असं धरून चालू नका.

साक्षीदार दोन लागतात. ते कॅथलिकच हवेत असं नाही, पण विधीच्या वेळी प्रत्यक्ष हजर हवेत. फोटो काढायला बाहेर गेलेला मित्र उपयोगाचा नाही!

तारखेचं म्हणाल तर गुड फ्रायडे आणि त्यानंतरचा शनिवार विसरा. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कॅथलिक चर्चमध्ये लग्न होऊ शकतं, पण थाटमाट आवरता घ्यावा लागतो. ऑर्थोडॉक्स चर्च त्या काळात सहसा लग्न लावत नाही. शिवाय विवाहपूर्व शिबिर असतं आणि लग्नाची जाहीर घोषणा होते. ही घोषणा 1215 मध्ये रोममध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आलेली आहे, कुणाला हरकत असेल तर ती आधीच कळावी म्हणून. हे सगळं धरून किमान सहा महिने हाताशी ठेवा. चर्चमधलं गाणं कोणतं, हेही आधी विचारून घ्या. सिनेमातलं गाणं बहुधा नाकारलं जातं.

देशाचा कायदा वेगळा सांभाळावा लागतो. फ्रान्ससारख्या देशात सरकारी लग्न आधी झाल्याशिवाय चर्चला लग्न लावताच येत नाही, तर काही देशांत पाद्रीच नोंदणीचे कागद भरतो.

लग्न झाल्यावर एक काम उरतं. लग्न लावणाऱ्या चर्चने दोघांच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायचं असतं, म्हणजे त्याच जुन्या नोंदवहीत हे लग्न टिपलं जाईल. पत्रं गहाळ होतात. दोनेक महिन्यांनी तिथे फोन करून नोंद पोचली का, एवढं विचारून घ्या.