फॉरेन्सिकच्या तासाला चोर नाही सापडला तरी चालेल

फॉरेन्सिक सायन्स पहिल्यांदा शिकवायला घेणाऱ्या शिक्षकांना मी आधी एकच सांगते: लुटुपुटूचा गुन्हा रचून वर्गाला सोडवायला देण्याची घाई करू नका. मुलांना तेच हवं असतं, हे खरं. पण सुरुवातीलाच 'चोर कोण' हा प्रश्न टाकला की सगळं लक्ष उत्तराकडे लागतं आणि पुराव्याकडे कुणी धड बघत नाही. शिकवण्यासारखं जे आहे ते त्या बघण्यातच आहे.

मी बोटांच्या ठशांपासून सुरुवात करते. पेन्सिलीचं शिसं कागदावर दाट घासायचं, त्यावर बोट फिरवायचं, चिकटपट्टीनं ठसा उचलून पांढऱ्या कागदावर डकवायचा. कमान, पाश, चक्र हे रेषांच्या नक्षीचे प्रकार मुलांना लगेच कळतात. साधारण ६० ते ६५ टक्के ठसे पाश प्रकारचे असतात, त्यामुळे वर्गभर तोच दिसतो. इथे थांबून विचारा, नुसत्या प्रकारावरून माणूस ओळखता येईल का? मग हातात भिंग द्या आणि रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते ते शोधायला लावा.

दुसऱ्या दिवशी एकच पुसट, अर्धवट ठसा आणि एका संशयिताचा स्वच्छ ठसा सगळ्यांना द्या. अर्ध्या वर्गाच्या कागदाला मात्र 'संशयितानं कबुली दिली आहे' अशी चिठ्ठी जोडा. दोन्ही गटांची उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मगच चिठ्ठी खोटी होती हे सांगा. त्याच तासाला मी ब्रँडन मेफील्ड यांचं प्रकरण सांगते. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेनं एका पिशवीवरचा ठसा या अमेरिकन वकिलाचा ठरवला आणि त्यांना अटक झाली. स्पेनच्या पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं आढळलं. ज्यांचं आयुष्य या कामात गेलं त्या तज्ज्ञांचीही गफलत होते, हे मुलांना लवकर कळायला हवं.

शाईच्या क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे शाईतले रंग कागदावर वेगळे करण्यात, फार अडकू नका. बॉलपेनची शाई पाण्यात नीट सुटत नाही, अल्कोहोल लागतं, एवढं लक्षात ठेवा. दोन शायांचे रंगपट्टे वेगळे आले तर शाई वेगळी. सारखे आले म्हणून पेन तेच, असं म्हणता येत नाही.

रक्ताच्या थेंबांना मात्र भरपूर वेळ द्या. खरं रक्त अजिबात नको, रंगवलेला घट्ट पाक पुरतो. तिरक्या फळीवर थेंब वरून सरळ सोडायचा. फळीचा कल जमिनीशी ६० अंश असेल, तर थेंब फळीवर ३० अंशांत आदळतो. इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून आकृती काढूनच पुढे जा. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळकोनाचा साइन. शेपटी लांबीत धरायची नाही. ८ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर लांब डाग असेल तर भागाकार ०.५, कोन ३० अंश. मुलं खूश होतात. मग जवळपास गोल डाग मोजायला द्या. लांबी १० मिलिमीटर, रुंदी एकानं ९.५ मोजली, दुसऱ्यानं ९.८. पहिल्याचा कोन सुमारे ७२ अंश, दुसऱ्याचा ७८ च्या वर! पट्टीवरच्या केसभर फरकानं कोन सहा-सात अंशांनी सरकतो. मोजमापातली अनिश्चितता एरवी पाठ करून घ्यावी लागते, इथे ती मुलं एकमेकांशी भांडून शिकतात.

एक गोष्ट आवर्जून पाळा. प्रेतांचे किंवा खऱ्या जखमांचे फोटो दाखवू नका. वर्गात कुणाच्या घरी काय घडून गेलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. मुलांचे ठसे ही त्यांची खासगी माहिती आहे, म्हणून प्रयोग संपला की ते त्यांच्याच हातानं फाडायला लावा.

गुन्ह्याचा देखावा अगदी शेवटी उभारा. पुराव्याच्या पाकिटावर वस्तू, वेळ आणि सही हवी, आणि ते ज्याच्या ज्याच्या हातात गेलं त्या प्रत्येकाची नोंद हवी. अहवालात मी तीन रकाने मागते: काय दिसलं, त्यावरून काय वाटतं आणि यावरून काय सांगता येत नाही. सर्वांत जास्त गुण तिसऱ्याला. त्यानंतर एका गटाला साक्षीदार करा आणि दुसऱ्याला उलटतपासणी घेऊ द्या. पाकिटावरची एखादी सही राहिली असेल, तर पहिला प्रश्न तिथूनच येतो.