प्राध्यापकाचं नाव मोठं, कंपनीत नवं काही घडेना? या चुका टाळा

प्राध्यापकाने काढलेल्या कंपनीचं पहिलं भांडवल म्हणजे त्याचं नाव. त्या नावावर गुंतवणूकदार भेटतात, चांगले संशोधक कमी पगारातही येतात. पुढे मात्र प्रयोग काय सांगतो यापेक्षा सर काय म्हणतात याला वजन येतं, आणि गाडी तिथेच रुतते.

सगळ्यात महाग पडते ती ‘आधी पेपर, मग पेटंट’ ही सवय. ज्याची सगळी प्रतिष्ठा पेपरांवर, म्हणजे शोधनिबंधांवर उभी आहे, त्याला छापायची घाई असणारच. स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर या अमेरिकी प्राध्यापकांनी डीएनएचे तुकडे जोडण्याची पद्धत नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने पेटंटचा अर्ज केला नोव्हेंबर १९७४ मध्ये, छापल्यानंतरही अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची सवलत संपायला जेमतेम आठवडा राहिला असताना. तिथलं पेटंट बचावलं, त्यातून पुढे २५ कोटी डॉलर आले. पण बाकी बहुतेक देशांत अशी सवलत नव्हती, तिथले हक्क गेले ते गेलेच. तेव्हा परिषदेतलं पोस्टर असो की विद्यार्थ्याचा प्रबंध, बाहेर जाण्याआधी अर्ज दाखल करा. पेपर दुसऱ्या दिवशी पाठवला तरी चालतो.

दुसरी चूक खुर्चीची. याच बॉयरनी १९७६ मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन यांच्यासोबत जेनेन्टेक ही जैवतंत्रज्ञान कंपनी काढली, पण कारभार स्वॉन्सनकडे ठेवून स्वतः प्राध्यापकच राहिले. कंपनीने १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. उलट बायोजेन या अशाच दुसऱ्या कंपनीचे एक संस्थापक वॉल्टर गिल्बर्ट १९८० च्या नोबेलनंतर हार्वर्ड सोडून स्वतः सीईओ झाले. तोटा वाढत गेला आणि १९८४ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. नोबेल मिळालं म्हणून हिशेब जमतोच असं नाही. (हे सरांना सांगणार कोण, हा वेगळा प्रश्न.)

तिसरी चूक लवकर दिसत नाही, म्हणून लक्षण सांगतो. प्रयोग फसला की दरवेळी ‘सॅम्पल खराब होतं’, ‘मशीन नीट लावलं नव्हतं’ अशीच कारणं येतात आणि मूळ कल्पनेवर कुणी बोट ठेवत नाही. बोलणार कसं? टीममधले निम्मे सरांचेच विद्यार्थी, शिफारसपत्रं अजून त्यांच्याच हातात. यावर ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगून काही होत नाही. कोणता निकाल आला तर हा मार्ग सोडायचा, ते प्रयोगाआधी लिहून ठेवा. बैठकीत संस्थापकाने शेवटी बोलावं. आणि मूळ प्रयोग एकदा तरी त्यांच्या लॅबशी संबंध नसलेल्या माणसाकडून करवून घ्या. पेपरला हजार सायटेशन्स (इतरांच्या पेपरांतले उल्लेख) असतील, पण दुसऱ्याच्या हातून तोच निकाल येत नसेल तर उत्पादनाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

राहता राहिला कामाचा आराखडा. तो सरांच्या पुढच्या पेपरांची यादी वाटत असेल, तर ग्राहकाची अडचण एका वाक्यात लिहायला सांगा. तीन ओळी झाल्या तर कागद परत करा.