शस्त्रक्रियेनंतर स्वतंत्र खोली हवी असल्यास

दाखल होण्याच्या दिवशी स्वतंत्र खोली मागितली, तर बहुतेक वेळा सर्व खोल्या भरलेल्या असतात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरताच खोलीची मागणी लेखी नोंदवावी आणि संसर्गाचा धोका यांसारखे वैद्यकीय कारण असल्यास ते सर्जनकडून लिहून घ्यावे.

तरीही जनरल वॉर्डातच खाट मिळाली, तर प्रतीक्षायादीत नाव घालून सकाळचा डॉक्टरांचा राउंड संपताच वॉर्डच्या मुख्य सिस्टरना भेटावे. घरी कोणाला सोडायचे हे सहसा त्याच राउंडमध्ये ठरत असल्याने दुपारपर्यंत कोणती खोली रिकामी होणार, याची कल्पना त्यांना लवकर येते. शांतपणे, रुग्णाचे नाव व खाट क्रमांक सांगून केलेली विनंती त्यांच्या लक्षात राहते, असे मला खात्रीने वाटते.

होकार देण्यापूर्वी विमा पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा अवश्य पाहावी. काही पॉलिसींमध्ये मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास केवळ भाड्यातील फरकच नव्हे, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचा खर्च यांच्या विमा भरपाईतूनही त्याच प्रमाणात कपात होते.

पहिली रात्र परिचारिकांच्या नजरेसमोर काढण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला असेल, तर मात्र खोलीचा आग्रह धरू नये.