रिलीजच्या तोंडावर टेस्ट लहरीपणा करू लागली तर

नव्या आवृत्तीच्या कोडवर टॅग, म्हणजे नावाची खूण, लावायची वेळ झालेली असते, बदलांची यादी लिहून तयार असते आणि सीआयमधली (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) शेवटची धाव लाल होते, म्हणजे फेल. कुठल्या टेस्टमुळे, तर या खेपेला जिच्या आसपासही कुणी फिरकलं नव्हतं अशा. आपण पुन्हा चालवायचं बटण दाबतो, दहा मिनिटांत सगळं हिरवं होतं आणि रिलीज बाहेर पडतं. मी हे पुष्कळदा केलंय, आणि एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. तो किस्सा पुढे येईलच.

कोडमध्ये काडीचाही बदल नसताना कधी पास तर कधी फेल होते ती फ्लेकी टेस्ट. एखाद्याच विशिष्ट आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारावर, दर वेळी फेल होणारी टेस्ट फ्लेकी नव्हे. एस-३९०-एक्ससारख्या बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर ती हमखास पडत असेल तर तो सरळसरळ बाइट-क्रमाचा बग असण्याची शक्यता जास्त. दोन्ही गोष्टींना एकाच नावाने हाक मारली की खरे बग त्या गर्दीत लपतात.

आधी थोडा हिशोब करू, कारण 'हजारातून एकदाच तर पडते' हे वाक्य फसवं आहे. समजा ५०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक हजारात एकदा विनाकारण फेल होते. अशी एक पूर्ण धाव लाल होण्याची शक्यता ३९ टक्क्यांच्या घरात जाते. तोच संच पाच आर्किटेक्चरवर चालवायचा असेल तर पाचही ठिकाणी पहिल्याच झटक्यात हिरवं मिळण्याची शक्यता उरते जेमतेम ८ टक्के. मोठ्यांचंही काही वेगळं नाही. आपल्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे, असं गूगलने २०१६ साली जाहीरपणे सांगितलं होतं.

पायरी १: बटण दाबण्याआधी पुरावा जपा

बऱ्याच सीआय सेवांवरचे जुने लॉग काही काळाने पुसले जातात, म्हणून पूर्ण लॉग उतरवून घ्या. सोबत कमिट (कोडमधला कुठला नोंदवलेला बदल), आर्किटेक्चर, प्रोसेसरचे कोअर किती होते, किती टेस्ट समांतर चालू होत्या, टेस्टचा क्रम, रँडम सीड (यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) आणि टाइमझोन यांची नोंद ठेवा. टेस्ट संच सीड छापतच नसेल तर आजच छापायला लावा, एका ओळीचं काम आहे.

पायरी २: तिला पुन्हा पाडून दाखवा

फेल झालेली टेस्ट एकटीच चालवा, आणि भरपूर वेळा चालवा. दहा वेळा पास झाली म्हणून काही सिद्ध होत नाही. शंभरात एकदा पडणारी टेस्ट निदान एकदा तरी पकडली जाईल याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३०० धावा लागतात. त्यासाठी हाताने लूप लिहीत बसू नका. टेस्ट चालवणाऱ्या साधनांतच सोय असते: गो टेस्टमध्ये काउंट, गूगलटेस्टमध्ये रिपीट, सीटेस्टमध्ये 'फेल होईपर्यंत चालवा' असा पर्याय आहे. पायटेस्टसाठी रिपीटचं प्लगइन मिळतं.

एकटी चालवली की शहाण्यासारखी वागते? मग मशीनला त्रास द्या. टास्कसेट या कमांडने तिला एकाच कोअरवर बांधा, बाजूला मशीनवर ओझं टाकणारं स्ट्रेस-एनजी चालू ठेवा. लिनक्सवर आरआर डीबगरचा केऑस मोड थ्रेडची (प्रोग्राममधल्या समांतर कामांची) पाळी मुद्दाम वेडीवाकडी लावतो, आणि टेस्ट पडली की तीच धाव रेकॉर्डिंगमधून हवी तितक्या वेळा पाहता येते. तरीही पडत नसेल तर दोष तिच्या शेजाऱ्यांत शोधा, म्हणजे टेस्टचा क्रम बदलून पूर्ण संच चालवा.

आणखी एक, गिट बायसेक्टची, म्हणजे जुने कमिट अर्धेअर्धे करत बिघडवणारा कमिट शोधण्याची, घाई नको. प्रत्येक थांब्यावर एकदाच टेस्ट चालवून 'चांगला' असा शेरा दिलात तर बायसेक्ट मोठ्या आत्मविश्वासाने भलत्याच कमिटकडे बोट दाखवेल.

पायरी ३: कारण ओळखा

बहुतेक वेळा पहिला संशयित स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबण्याची सूचना, असतो. अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या ५१ प्रकल्पांमधल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्यांचा २०१४ साली अभ्यास झाला होता. त्यात असिंक्रोनस, म्हणजे मागे स्वतंत्रपणे चालणाऱ्या, कामाची नीट वाट न पाहणं हे सगळ्यात मोठं कारण निघालं, जवळजवळ ४५ टक्के. 'दोनशे मिलिसेकंद थांबलं की सर्व्हर उठतोच' हे तुमच्या लॅपटॉपवर खरं. पण एखाद्या डिस्ट्रोच्या (डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या) बिल्ड मशीनवर त्याच वेळी आणखी चार पॅकेजं शिजत असतात. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी 'सर्व्हर तयार' ही अट तपासत राहा, आणि वरची मर्यादा सढळ हाताने ठेवा, अगदी मिनिटभराचीसुद्धा. अट पूर्ण झाली की टेस्ट लगेच पुढे जाते, त्यामुळे वेळ वाया जात नाही.

बाकीचे संशयित पटकन उरकतो. ठरावीक पोर्ट वापरू नका. पोर्ट म्हणून शून्य मागा आणि सिस्टिम देईल तो मोकळा पोर्ट घ्या. गो भाषेतल्या मॅपचा क्रम दर फेरीला बदलू शकतो, आणि पायथनमध्ये ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो, म्हणून सेटच्या क्रमावर भिस्त नको. डिरेक्टरीतल्या फायलींची यादी आधी सॉर्ट करा, मगच तुलना करा. आणि टेस्टला इंटरनेट लागत असेल तर ती बिल्डच्या वेळी चालवूच नका. डेबियनसारख्या डिस्ट्रोच्या नियमांनुसार बिल्ड चालू असताना पॅकेजने नेटवर्कला हातही लावायचा नसतो.

पायरी ४: खोटं कोण बोलतंय ते ठरवा, टेस्ट की सॉफ्टवेअर

आता तो किस्सा. मी सांभाळतो त्या छोट्या लायब्ररीत सेटिंगची फाईल बदलली की ती आपोआप पुन्हा वाचली जाते. बदल झाला की नाही हे आम्ही फाईलचा आकार आणि तिची शेवटच्या बदलाची वेळ पाहून ठरवायचो. टेस्टमध्ये फाईलीत पोर्ट ८०८० लिहायचं, ती वाचायची, लगेच ८०८१ लिहायचं आणि नवा आकडा आला का ते बघायचं. एका रिलीजच्या रात्री ही टेस्ट पडली, तीही सगळ्यात वेगवान मशीनवर. मी दोन लेखनांच्या मध्ये ५० मिलिसेकंदांचा स्लीप घातला, सगळं हिरवं झालं, टॅग लावला.

काही आठवड्यांनी एका वापरकर्त्याची तक्रार आली की स्क्रिप्टमधून सेटिंग बदललं तर कधीकधी जुनंच लागू राहतं. टेस्ट अगदी हेच तर सांगत होती! लिनक्सवर फाईलवरचा वेळेचा शिक्का पुष्कळदा काही मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे जातो. दोन्ही लेखनं एकाच उडीत बसली की शिक्का तोच, आणि ८०८० व ८०८१ची लांबीही तीच. बदल आम्हाला दिसतच नव्हता. शेवटी दुरुस्ती अशी केली: शिक्का अगदी ताजा असेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, मजकूरच ताडून पाहायचा. गिटसुद्धा आपल्या इंडेक्सच्या (फायलींच्या स्थितीची त्याची नोंद) बाबतीत अशीच सावधगिरी बाळगतो, हे मला नंतर कळलं.

तेव्हापासून स्लीप घालून हिरवी केलेली टेस्ट मी दुरुस्त झालेली धरत नाही.

पायरी ५: रिलीज थांबवायचं की सोडायचं

दोष टेस्टचा आहे हे दाखवता आलं तर ती दुरुस्त करा किंवा बाजूला काढा, आणि रिलीज सोडा. दोष सॉफ्टवेअरचा निघाला तर थांबा. अडचण असते ती मधल्या अवस्थेत, कारण कळलं नाही आणि तारीख तर उद्याची. अशा वेळी मागच्या रिलीजच्या टॅगवरचा कोड घ्या आणि त्याच मशीनवर, त्याच ओझ्याखाली, तितक्याच वेळा ती टेस्ट चालवा. फेल होण्याचं प्रमाण साधारण तेवढंच असेल तर दुखणं जुनं आहे, आणि रिलीज सोडायला मी तयार होतो. नव्यातच पडत असेल तर तारीख पुढे ढकलतो, मग कुणी कितीही कुरकुरो.

बाजूला काढलेल्या टेस्टला इश्यू नंबर आणि जबाबदार माणसाचं नाव जोडा. बेवारस टेस्ट वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. रिट्राय, म्हणजे फेल झाल्यास आपोआप पुन्हा चालवणं, लावायचाच असेल तर त्या एकाच टेस्टला, फार तर दोनदा, आणि प्रत्येक रिट्राय लॉगमध्ये दिसेल असा. सबंध संचाला रिट्राय लावणं म्हणजे धुराची घंटा बंद करून झोपणं.

रिलीज नोंदीतही त्या टेस्टचं नाव स्पष्ट लिहा. तुमचा सोर्स तुम्हाला कधीही न भेटलेली माणसं भलभलत्या मशीनवर बिल्ड करणार असतात. कुठली टेस्ट वगळायची हे कळलं नाही तर बिल्ड अडकलेला पॅकेजर (डिस्ट्रोसाठी पॅकेज बनवणारा) वैतागून सगळ्याच टेस्ट बंद करतो.

पायरी ६: दुरुस्ती सिद्ध करा

दुरुस्तीनंतर तीच टेस्ट, तेच ओझं, तितक्याच धावा. आधी चाळीसात एकदा पडत असेल तर दुरुस्तीनंतर निदान १२० वेळा लागोपाठ पास व्हायला हवी. मग दुरुस्ती तात्पुरती काढून घ्या आणि टेस्ट पुन्हा पडते का ते पाहा. पडली नाही, तर तुम्ही दुरुस्त केलंत ते काहीतरी वेगळंच होतं. पुन्हा पायरी २.